लाइट गेली की या!

"लाइट गेली की हेही बंद पडणार बरं का," छतावर पॅनल बसवून शिडीवरून उतरता उतरता सोलरवाला म्हणाला.

पोस्टमास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. रिटायर झाल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण त्यांचे स्वतःचे कान शाबूत होते.

"बंद? वर एवढं रणरणतं ऊन असताना?"

"ऊन असलं तरी. हे नेट मीटरचं कनेक्शन आहे, काका. दिवसा तुमची उरलेली वीज तारेतून कंपनीकडे जाणार, संध्याकाळी तुम्ही त्यांची घेणार, मीटर त्यातली वजाबाकी करणार. पण लाइन बंद असताना तुमची वीज तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनचं काय होईल? म्हणून लाइट गेली की आपला सोलरचा इन्व्हर्टरही आपोआप बंद. बॅटरी बसवली तर गोष्ट वेगळी."

"बॅटरी-बिटरी काही नाही. आहे हेच पुष्कळ झालं," आतून बायकोचा आवाज आला.

नियम रास्त होता. अडचण एवढीच की तो कानावर पडण्याआधीच पोस्टमास्तर बोलून बसले होते.

त्या गल्लीत लाइट यायची ती जाण्यासाठीच. समोरच्या टेलरचं मशीन एक बाही लावून थांबायचं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाहीची वाट बघत बसायचं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पेशंट खुर्चीत आ वासून ताटकळायचे. या सगळ्यांसमोर पोस्टमास्तरांनी आदल्याच दिवशी छाती काढून सांगितलं होतं, "आता लाइट गेली की खुशाल माझ्याकडे या. अख्ख्या गल्लीचे पंखे थांबतील, पण माझा गरगर फिरत राहील!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण किती वर्षांनी लोक त्यांच्याकडे मान वर करून बघत होते! ते त्यांना फार आवडलं होतं.

"अगं, हे कुणाजवळ बोलू नकोस," त्यांनी बायकोला बजावलं.

"मी कशाला बोलू?" बायको म्हणाली आणि लसूण सोलत बसली. मग तिची दाढ ठणकायला लागली म्हणून ती शेजारी जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेलरने हाक मारली, "काय पोस्टमास्तर, आज जाईल का हो लाइट? तुमच्या पंख्याखाली बसायची फार इच्छा आहे!"

पोस्टमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता नाक वाचवायचा एकच मार्ग होता. लाइट जाताच कामा नये.

ते कामाला लागले. तारांना घासणाऱ्या फांद्या त्यांनी माणूस लावून छाटून घेतल्या. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं झाकण उघडं होतं, ते बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. वायरमनला चहा पाजला आणि त्याची शिडी स्वतः धरली. नुसता दिवा लुकलुकला तरी चपला पायात सरकवून ते वीज ऑफिसात हजर. तिथला साहेब तर त्यांना फाटकातून येताना बघूनच माणसं पाठवायला लागला. नोकरीतही त्यांनी एवढी वणवण केली नव्हती.

आणि टेलर काही पिच्छा सोडत नव्हता. "कोपऱ्यावरच्या खांबावर ठिणग्या उडताना दिसल्या हो. आज बहुतेक तुमच्याकडे यावं लागणार!" पोस्टमास्तर भरल्या ताटावरून उठून धावले. "वारा सुटलाय काका, येऊ का?" डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारलं. पोस्टमास्तर पुन्हा धावले.

गल्लीतली लाइट जायचीच थांबली.

पण किती दिवस? एका भर दुपारी धडाम असा आवाज झाला आणि पोस्टमास्तरांच्या डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. खिडकीतून बघतात तर गळ्यात टेप अडकवलेला टेलर येतोय, मागून हातमोजे घातलेल्या डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्या मागे गालात कापूस कोंबलेला कुणी अनोळखी पेशंट. पोस्टमास्तरांनी घाईघाईने कडी लावली. बायकोने तितक्याच घाईने ती काढली.

"या ना, या. बसा," ती म्हणाली.

सगळे बसले आणि थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिले. पोस्टमास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र ते उठले.

"माफ करा," ते म्हणाले. "माझी बढाई खोटी होती. लाइट गेली की माझंही सगळं बंद पडतं. मला हे ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटली."

"आम्हालाही ठाऊक होतं," टेलर शांतपणे म्हणाला. "वहिनी दाढ दाखवायला आल्या ना, त्याच दिवशी."

पोस्टमास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने वारा घेत होती.

"पहिल्या दिवसापासून? मग रोज सकाळी छळत कशाला होता मला?"

टेलरने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंनी हातमोज्यांकडे. शेवटी त्या पेशंटने गालातला कापूस काढला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"काका, मी मागच्या गल्लीतला," तो अजिजीने म्हणाला. "आमच्याकडे लाइट फार जाते हो. तिकडे येऊन एकदा अशीच बढाई मारून जाल का?"