उशाशी ठेवलेली पेटी

चिरंजीवांचं नाक भलतंच तिखट. लिमिटेड एडिशन क्यूबन सिगारचा एक झुरका घेतला, की डोळे मिटून मित्रांना सांगायचे, "आधी देवदार, मग कोको, शेवटी जुनं चामडं." मित्रही माना डोलवायचे. आईच्या खोलीतल्या बुरशीचा वास मात्र त्या नाकाला कधी आला नाही. "ओलबिल काही नाही, आई. भास होतात तुला," एवढं दारातूनच सांगून ते मोकळे व्हायचे. आई खोकत राहायची.

परवा सिगारची नवी पेटी आली. ती काही वर्षं मुरू द्यायची होती आणि त्यासाठी हवेत नेमका ओलावा लागतो म्हणे. मग ओलावा मोजायचा काटा हातात धरून चिरंजीव घरभर फिरले. बैठकीतली हवा कोरडी, कपाटातली त्याहून कोरडी. शेवटी आईच्या खोलीत, तिच्या उशाशी, काटा हवा तिथे येऊन थांबला. साहेबांचा चेहरा खुलला. पोपडे सुटलेल्या भिंतीवरून त्यांनी मायेने हात फिरवला.

आईच्या जिवात जीव आला. उशिरा का होईना, लेकाला ओल दिसली होती. तिने विचारलं, "मग गवंड्याला कधी बोलावतोस?"

"गवंडी कशाला?" पेटी तिच्या उशाशी ठेवत ते म्हणाले.

"आणि ती खिडकी उघडत जाऊ नकोस, आई. ओल जाईल."