सूबासाहेबांची खुर्ची

"चाबी द्या, माणिकराव," विनायक कारकून दारातूनच म्हणाला. "पटाश्यांची पेटी आज जमा करून द्यायची आहे. ऑर्डर आहे."

माणिकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेचाळीस पटाश्या होत्या त्या पेटीत, त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी जन्मभर वापरलेल्या. फ्रीगंजमधल्या सरकारी नक्षीकामाच्या वर्गात माणिकराव पंधरा वर्षं पोरांना याच पटाश्यांवर शिकवत होते. आता एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ, आणि म्हणे वर्ग बंद, हत्यारं सरकारजमा. का, तर ती कधीकाळी ग्वाल्हेर दरबारानं अण्णांना दिली होती!

"आणि ती सूबासाहेबांची मोडकी खुर्ची दुरुस्त करून ठेवा," विनायक म्हणाला. "नवे साहेब तिच्यातच बसणार."

"वा! हात तोडायचे आणि त्याच हातांकडून काम करून घ्यायचं? लाज कशी वाटत नाही तुमच्या साहेबाला?"

"माझ्यावर कशाला ओरडता? मी तर नौकर माणूस."

माणिकरावांनी खुर्ची घरी आणली. शिसवी होती. तिच्या पाठीवरची वेल पन्नास वर्षांपूर्वी, दरबारचे सूबा म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी इथं बसत तेव्हा, अण्णांनीच कोरलेली. अण्णांचा एक नियम होता: खुर्ची झाली की कारागिरानं आधी स्वतः बसून पाहायचं, मगच ती द्यायची. याच खुर्चीच्या वेळी मात्र शिपायानं त्यांना दंडाला धरून उठवलं होतं. सूबासाहेबांच्या खुर्चीत सुतार बसणार?

माणिकरावांनी वेलीची तुटलेली पानं जीव ओतून जोडली. मग मागच्या पायाचा खुंटा, जो बैठकीत घट्ट बसायला हवा, तो तासून काडीएवढा केला. फट लाखेनं आणि भुशानं बुजवली, वर पॉलिश मारलं. बघणाऱ्याला काही कळणार नव्हतं. बसणाऱ्याला कळणार होतं. पडू दे साहेब, सगळ्या ऑफिससमोर, पाय वर करून! मोडू दे हाडं!

"बसून पाहिलंस?" अण्णांनी खाटेवरून विचारलं. ब्याऐंशी वर्षांचे अण्णा दोन वर्षांपूर्वी पडले होते, कंबर मोडली होती. पुन्हा पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"पाहिलं," माणिकराव म्हणाले. वडिलांशी ते याआधी कधी खोटं बोलले नव्हते.

त्या आठवड्यात अण्णांनी दोनदा टांगा मागवला. सून दुर्गा हाताला धरून सोबत गेली. "रामघाटावर जाऊन येतो," म्हणाले. माणिकराव रागाच्या तंद्रीत होते. या कमरेनं घाटाच्या पायऱ्या कशा उतरणार, हेही त्यांनी विचारलं नाही.

एक तारखेला ऑफिस माणसांनी भरलं होतं. माणिकराव मुद्दाम मागे, भिंतीशी उभे राहिले. मजा इथून नीट दिसली असती.

साहेब आले. खुर्चीकडे न जाता त्यांनी टेबलावर एक पेटी ठेवली. पटाश्यांची.

"माणिकरावजी, इसे वापस ले जाइए. क्लास चलेगा. आपके पिताजी दो बार मेरे पास आए थे. अपने लिए उन्होंने बस एक ही चीज़ माँगी." ते हसले. "इस कुर्सी में पहले कारीगर बैठेगा."

समोरच्या दारातून दुर्गा अण्णांना घेऊन आत येत होती. अण्णांनी ठेवणीतली पगडी घातली होती. लोक टाळ्या वाजवत होते. माणिकराव माणसं ढकलत पुढे घुसले, ओरडले, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

अण्णांनी वेलीवरून बोटं फिरवली. गर्दीत त्यांना मुलाचा चेहरा दिसला.

"माणिक, बसून पाहिलंयस ना?" ते हसून म्हणाले, आणि काठी दुर्गाच्या हाती देऊन बसले.