लाल नखं

मेकॅनिक क्लिंटने इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट खोलून परत बसवल्यापासून वर्नाची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप हायवेवर थरथरायची. वाचा गेलेल्या नवऱ्याला, ओरिनला, दर मंगळवारी त्याच गाडीतून बिलिंग्ज शहरात उपचारांसाठी न्यायचं असायचं. टायर बदलले तरी थरथर जाईना. आज गॅरेजात ओरिन वर्नाची लाल नखांची बोटं सारखा ओढत होता. “म्हातारबुवा लाडात आलेत, वर्नाबाई!” क्लिंट हसला. ओरिनने रागाने गाडीखाली बोट दाखवलं. वाचा जाण्याआधी गाडीची दुरुस्ती तो स्वतःच करायचा, हे वर्नाला आठवलं. “अरे, माझं नेलपॉलिश पळवायचास ते यासाठी?” क्लिंटने खाली शिरून शाफ्टवरचं ग्रीस पुसलं. जोडाच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपके होते, पण समोरासमोर नव्हते. “परत तसाच जुळवून बसवायच्या खुणा या! मीच चुकीचा बसवला की!” तो ओशाळला. ठिपके जुळवल्यावर ताशी सत्तर मैलांच्या वेगातही कपातली कॉफी हलली नाही. “नेलपॉलिशवरून तेव्हा उगाच भांडायचे रे,” वर्ना म्हणाली. ओरिनने तिची बोटं धरली. आता तो खरंच लाडात आला होता.