बेडकीचा जबाब

न्यायाधीशांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. पोरीने आधी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पापणी लववली, तेव्हा तिने एक बिस्किट उचललं, मोडलं आणि अर्धं बशीत परत ठेवलं.

भिंतीकडेच्या खुर्चीवरून आईला ते दिसलं. घरी हीच पोर अख्खा पुडा फोडून दोन्ही गाल भरायची.

साहेब नवे होते. आधीचे बदलून गेले होते, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते फाइल चाळत स्वतःशीच बोलावं तसं मोठ्याने वाचत होते. "मुलगी पोहते. शहरात राहणारा पालक असल्याशिवाय क्लब मुलं घेत नाही. म्हणून पालकत्व या बाईंकडे. यांचाही मुलगा तिथेच पोहायचा." त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. "सही तुम्हीच करून दिलीत. आणि आता तुम्हीच परत मागताय."

"सही दिली होती, साहेब," आई म्हणाली. "खांदा नव्हता दिला."

"म्हणजे?"

"खांद्यात इंजेक्शन देऊन तिला स्पर्धेत उतरवलं. परवा फोनवर रडत होती, आई, वेणी घालायला हात वर जात नाही म्हणून. दवाखान्यात विचारायला गेले, तर म्हणे फक्त पालकांनाच सांगतो. मग मी कोण?"

"अहो ताई," काकू म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारूनच दिलं ना. तीच म्हणाली, काकू, टोचून घेते, पण मला उतरू द्या. आम्ही का तिचे वैरी आहोत? माझ्या मुलाच्या वाट्याचं दूध आज ही पिते."

काकूंचा आवाज सायीसारखा होता. सही करायच्या दिवशी आईला तो फार आवडला होता.

"पुरे," साहेब म्हणाले. "आता मी हिच्याशी बोलणार. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. नाहीतर दोघींनाही बाहेर बसवीन." मग पोरीकडे वळून ते एकदम आजोबांसारखे झाले. "काय गं, घरी तुला काय म्हणतात?"

"बेडकी."

"अरेच्चा! का बरं?"

"मी तशी पोहते. पाय असे मारून." तिने टेबलाखाली पाय मारून दाखवले. साहेब हसले, काकू हसल्या. आईलाही हसू आलं आणि जरा धीर आला. ते नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं होतं. अजून आहे, पोर अजून आपली आहे.

"बरं, बेडकीबाई. कुणाला घाबरायचं नाही. कुणाकडे राहायचंय तुला?"

पोरीने हात मांडीवर ठेवले. एकावर एक.

"मी घरी खूश आहे," ती म्हणाली.

आईने डोळे मिटले.

"कुठल्या घरी?"

"काकूंच्या."

आईने डोळे उघडले. पोरीचे हात मांडीवर तसेच होते. एकावर एक, डावा खाली. ते हात कुणी तसे ठेवायला लावले होते ते आईला आठवलं. पालकत्व देतानाच्या सुनावणीआधी स्वयंपाकघरात खांद्यावर टॉवेल घेऊन ती स्वतः न्यायाधीश झाली होती आणि पोर ओट्याला टेकून खिदळत होती. "हसू नकोस. हात नीट ठेव. आणि 'तिकडे' काय म्हणतेस? 'तिकडे' म्हटलं की साहेबांना परकं वाटेल. 'घरी' म्हण. म्हण बरं, मी घरी खूश आहे." पोर म्हणायची आणि काकूंच्या घराला घर म्हणताना जीभ चावायची. तिला ते जमेपर्यंत आईने उठू दिलं नव्हतं. क्लब हातचा जाऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

या वेळी मात्र आईने तिला काहीही शिकवलं नव्हतं. खरं तेच बोलायचं होतं, त्यात शिकवायचं काय?

"काका-काकू मला पोटच्या मुलीसारखं वागवतात," पोर सांगत होती. आईचे ओठ नकळत तिच्याबरोबर हलू लागले. "मला काही दुखलं-खुपलं तर ते बघतात." इथे श्वास घ्यायचा. पोरीने घेतला. "हे मी माझ्या मनाने सांगते आहे. मला कुणी शिकवलेलं नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "शाबास. पढवलेलं पोर मला चार शब्दांत कळतं, बाई. आयुष्य गेलं यात. हे मनातलं आहे."

आई अर्धी उठली. सांगायचं काय? की हे मी पढवलंय? म्हणजे तेव्हा तुमच्या जागी बसलेल्या साहेबांना आम्ही मायलेकींनी मिळून फसवलं? मग अशा बाईच्या हाती पोर कोण देईल?

ती खाली बसली. पोरीचं बोलणं संपलंच होतं. याच्या पुढे तिने काही शिकवलेलं नव्हतं.

"आणखी काही सांगायचंय, बेडकी?"

पोरीने मान हलवली. आधी नाही म्हणून, मग हो म्हणून. मांडीवरचे हात सुटले आणि डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला.

"आई बघायला आली ना, की माझं टायमिंग बिघडतं," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या आया घड्याळाकडे बघतात. ही नुसती माझ्याकडे बघत बसते."

आईचे ओठ अजून अर्धवट उघडे होते. हे वाक्य तिला येत नव्हतं.