यादीतला पहिला क्रमांक

पालेभाज्यांमुळे कर्करोगाचा धोका कमी होतो का, हे तपासायला सरांनी वीस वर्षांपूर्वी रोज भाजी खाणाऱ्यांची यादी केली आणि पहिलं नाव स्वतःचंच घातलं. अहवाल पुरा होत आला आणि नेमका सरांनाच कर्करोग निघाला. लोकांच्या हाती आयतं कोलीत नको, म्हणून त्यांच्या विद्यार्थिनीने पहिला क्रमांक गुपचूप गाळला.

"मी कुठे गेलो गं?" तक्ता बघून सर कडाडले.

"सर, एका माणसाने काय फरक पडतो?"

"मग मला गाळलंस कशाला? धोका कमी होतो म्हटलंय आपण, संपतो नाही. लिही, क्रमांक एक, आजारी."

संध्याकाळी घरी तिची आई म्हणाली, "सरांनाच निघाला म्हणे. मग अभ्यास फसलाच की!"

"नाही गं," ती ताठ मानेने म्हणाली, "आता त्यातला आकडा न् आकडा खरा आहे."