पुकारा

फौजेत तोफांवर नोकरी केली, त्यात माझे दोन्ही कान गेले; कानाशी तोंड आणून ओरडलं तरच काही कळतं. मेडिकल बोर्डाच्या वेळी माझी बायको पंचफुला डॉक्टरांच्या पाठीमागे, माझ्या समोर बसली होती. डॉक्टर जे विचारत, ते ती सवयीने नुसते ओठ हलवून मला सांगायची आणि मी उत्तर द्यायचो. घरीही आमचं बोलणं असंच चालायचं. बोर्डाने लिहिलं, अर्जदाराला बरंच ऐकू येतं, अपंगत्व पंधरा टक्के. अपंगत्वाच्या पेन्शनला वीस लागतात.

बाहेर आल्यावर तिने कपाळावर हात मारला. "माह्याच तोंडानं घात केला हो. अपील करा तुमी. आता मी भिताडाकडं तोंड करून बसीन."

अपिलाची तारीख लागेपर्यंत ती गेली. मी एकटाच नांदगाव खंडेश्वरहून पहिल्या एसटीने निघालो आणि सुनावणीच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. माणसं आत जात होती, बाहेर येत होती. दुपारी बाक रिकामा झाला आणि शिपाई दार लावायला लागला, तेव्हा मी उठून त्याला माझा कागद दाखवला. त्याने आतून यादी आणली आणि माझ्या नावापुढे बोट ठेवलं. 'गैरहजर. अपील खारीज.'

मी कानाला हात लावून मान हलवली. मग तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला,


"तीनदा पुकारा केला ना बाबाजी. इतके बहिरे आहा, तं घरच्या बाईले सोबत आणा लागत होतं."