कपाटामागची खोली

"ही खोली तिघांनाच ठाऊक होती," आत उभे असलेले हाजी वारसमे म्हणाले. "मला, तुला आणि गवंड्याला. मग त्यांना सांगितलं कुणी?"

इदिल दारात उभी होती. मोगादिशूतल्या हाजींच्या या मुलींच्या शाळेचा आराखडा तिचाच. शहराचा काही नेम नाही, म्हणून वाचनालयातल्या कपाटामागे तिनं ही खोली दडवली होती. काल बंदूकधारी आले ते थेट कपाटापाशीच. आज सकाळी मुलींना दफन केलं. त्यांत हाजींची नात उबाहही होती.

अंगणात गवंडी गुलेदला कडुनिंबाला बांधलं होतं. भोवती मुलींचे बाप. "अल्लाची शपथ, बायकोलासुद्धा बोललो नव्हतो!" तो ओरडत होता.

"ओरडून घे लेका," कुणीतरी म्हणालं. "हाजी बाहेर येईपर्यंतच काय ते."

इथं हाजींचं एकच चाललं होतं. "मी स्वतः कपाट सरकवलं. पोरींना म्हटलं, आत जा, ओढून घ्या, आवाज नको. आणि त्या हरामखोरांना थोपवायला फाटकाकडे धावलो. तू तर म्हणाली होतीस, मुंगीलासुद्धा सापडायची नाही म्हणून!"

म्हणाली होती खरी, आणि मोठ्या फुशारकीनं म्हणाली होती. भिंतीची जाडी, हवेचा झरोका, सगळं तिनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. पावलं वाजू नयेत म्हणून आत जाड गालिचाही तिनंच घालायला लावला होता.

गुलेदनं पुन्हा टाहो फोडला. निदान कुठं काय चुकलं ते तरी बघू, म्हणून इदिल आत निघाली. सवयीनं चपला काढल्या, गालिच्यावर अनवाणी पाऊल टेकवलं आणि ती जागीच थबकली.

तिनं मागे वळून पाहिलं. कपाटासमोर चपलांची रांग होती. काल मुलींचे मृतदेह उचलून नेणाऱ्यांनाही ती खटकली नव्हती. गालिच्याबाहेर चपला असायच्याच. हाजींच्याही तिथंच होत्या.

"काका, गुलेदला सोडा."

"म्हणजे? तू फोडलंस?"

"कुणीच नाही फोडलं." तिला रडू आवरेना. "मी गालिचा घातला, काका. पोरी चपला बाहेर काढून आत गेल्या."

इदिलनं खिडकीतून अंगणात ओरडून सांगितलं, त्याला सोडा, त्याचा काही दोष नाही. ती वळली तेव्हा हाजी रांगेपाशी मटकन बसले होते. हातात उबाहच्या निळ्या चपला होत्या.

"मीच वळण लावलं होतं तिला," ते म्हणाले. "चपला काढल्या की तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. म्हणजे निघताना पटकन घालता येतात."